शोधा जी, ठेवा जी

रोवणी हे मोठं गमतीचं काम आहे. बाया ओळीनं वाकतात, चिखलात धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, खोचतात आणि एकेक पाऊल मागे सरकतात. माणूस मागे मागे जातो आणि हिरवं शेत त्याच्या पुढ्यात तयार होत राहतं. आत्ता वाचनालयाच्या खिडकीतून मी हेच बघत बसलो आहे. समोरच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, दहा-बारा बाया वाकलेल्या आहेत. त्यातली डावीकडून तिसरी, डोक्यावर निळं प्लास्टिक घेतलेली, ती आमच्या वाचनालयाची ग्रंथपाल, रेवंताबाई. सकाळी त्यांनी दार उघडलं, पदराच्या गाठीतून किल्ली सोडून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "दुपारवरी बसा जी. पेपर वाचा, पंखा लावा. कॉम्प्युटरवरचं मात्र काही पुसू नका."

हे त्या मला सांगतात. ज्यानं आख्खी नोकरी टेलिफोन खात्यात यंत्रांशी झुंजत काढली, त्याला. आणि मी मान खाली घालून "बरं" म्हणतो. असं का, हे सांगायचं तर चार वर्षांपूर्वीच्या रोवणीत जावं लागेल. दर वर्षी खिडकीतून चिखलाचा तो आंबूस वास आत आला की मला तो हंगाम आठवतो, आणि आठवला की कान गरम होतात.

मी राहतो गोंदियाजवळ कुडव्याला. वडिलांचं जुनं घर, दीड एकर धान आणि लहानपण हे सगळं गोरेगावकडच्या या गावात. रोवणी आली की स्कूटर काढतो आणि "शेतावर लक्ष ठेवायला जातो" असं घरी सांगतो. शेताला तुमच्या लक्षाची काडीची गरज नाही, असं बायको म्हणते. ते खरंच आहे. मी बांधीत उतरलो की बाया आधी माझ्या हातातली रोपांची पेंडी काढून घेतात आणि मग मला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसवतात. म्हणून मी वाचनालयात येऊन बसतो. तिथं निदान मला कामाचा माणूस समजायचे. चार वर्षांपूर्वीपर्यंत तरी.

त्या वर्षी गोंदियातल्या एका बंद पडलेल्या ऑफिसातून वाचनालयाला दोन जुने कॉम्प्युटर मिळाले. धानाच्या रिकाम्या पोत्यांत गुंडाळून, पिकअपमधून, वरून पावसाचे शिंतोडे खात ते गावात आले. उतरवताना एकानं विचारलं, "हे चालते का जी?" पिकअपवाला म्हणाला, "चलता तो था." त्याच आठवड्यात एक पत्रही आलं होतं. वाचनालयातल्या सगळ्या पुस्तकांची यादी पोळ्याच्या आत कॉम्प्युटरवर झाली पाहिजे, आणि तपासणीच्या दिवशी ग्रंथपालानं ती स्वतः चालवून दाखवली पाहिजे.

वाचनालयाचे अध्यक्ष बोपचे गुरुजी. त्यांनी पत्र मोठ्यानं वाचलं, चष्मा काढला आणि रेवंताबाईंकडे अगदी मायेनं बघितलं. गुरुजी मायेनं बघायला लागले की समोरच्यानं सावध व्हावं.

"बाई, जमाना बदल गया," ते म्हणाले. "वीस वर्षं केलं तुम्ही. आता आराम करा. माझ्या साळ्याची सून हाये, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. ते पोरगी सांभाळून घेईल."

रेवंताबाईंचा हात पदराच्या गाठीवर गेला, जिथं किल्ली असते. गुरुजी गेल्यावर मी त्यांना म्हटलं, जाऊ द्या, मानधन तरी काय मोठं आहे. तेव्हा त्या जे बोलल्या ते मी विसरलेलो नाही.

"पैशाचं नाई जी. लग्न होऊन आली तवापासून ह्या गावात मी याची बायको, त्याची भावजय, अन् पोरीची माय. माहे नाव घेऊन कोणी हाकच मारत नाई. ह्या दाराच्या पाटीवर तेवढं हाये. ग्रंथपाल, रेवंताबाई. तेबी काढून घेते म्हणते."

मला एकदम वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मी जे नेहमी करतो तेच केलं. छाती पुढे काढली आणि म्हणालो, "बाई, मी शिकवतो तुम्हाला. पोळ्याच्या आत. एकदम सोपं करून देतो." माझ्या आयुष्यातल्या बहुतेक फजित्या 'एकदम सोपं करून देतो' या वाक्यापासून सुरू झालेल्या आहेत.

दोनांपैकी एकच यंत्र सुरू झालं, आणि त्यावरही नेहमीची विकत मिळणारी प्रणाली चालेना. पण मला त्याचा आनंदच झाला. खात्यात मी लिनक्स नावाच्या प्रणालीवर काम केलेलं. फुकट मिळते, जुन्यापान्या यंत्रावर चालते, आणि ताकद विचारू नका. काळा पडदा असतो, त्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत असते. तिच्यापुढे हुकूम टाइप करायचा, बटण दाबायचं, की काम झालं. यंत्र का म्हणून विचारत नाही आणि झालं म्हणूनही सांगत नाही. मला तो पडदा फार प्रिय. घरी माझा एकही हुकूम कोणी पाळत नाही, हेही त्यामागचं कारण असू शकेल.

पहिल्यांदा मी एक पुस्तिका लिहिली. 'ग्रंथपालांसाठी अत्यंत सोपी मार्गदर्शिका', पानं सोळा. पहिल्या पानावर मी या प्रणालीचा इतिहास दिला होता. रेवंताबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी बघितलं तर ती डळमळत्या कपाटाच्या पायाखाली होती. "पाय बराबर बसला जी," त्या म्हणाल्या. त्यांना खरोखर बरं वाटलं होतं, कारण ते कपाट तीन वर्षं हलत होतं.

मग मी ठरवलं की सामान्य माणसाला अक्षरं नकोत, चित्रं हवीत. सगळं जग हेच म्हणतं. मी काळा पडदा झाकून त्यावर रंगीत चित्रं बसवली. पुस्तकाचं चित्र, भिंगाचं चित्र, टोपलीचं चित्र. पण यंत्र म्हातारं. चित्रावर टिचकी मारली की ते विचारात पडायचं. बाई थोडं थांबायच्या, परत मारायच्या, मग आणखी दोनदा. तेवढ्यात यंत्राला जाग यायची आणि एकापाठोपाठ चार खिडक्या उघडायच्या. "एकाले बोलावलं तं चार आले," त्या म्हणायच्या, "आता यायले बसवू कुठं?" तिसऱ्या दिवशी त्यांनी मला सरळच सांगितलं. "चित्र दाखवून काऊन बोलता जी? मी मुकी हाये का? मले काय पायजे ते मी तोंडानं सांगन. तुम्ही त्याले आपली बोली शिकवा."

मी तोपर्यंत बाईंना शिकवत होतो. यंत्राला शिकवायचं असतं, हे मला सातवी शिकलेल्या बाईनं सांगितलं.

मग मी चित्रं काढून टाकली आणि काळा पडदा परत आणला. कळांवर मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या डकवल्या. इंग्रजी हुकमांना मराठी नावं दिली. 'शोधा' टाइप करून पुढे शब्द लिहिला की त्या शब्दाची पुस्तकं यायची. 'लिहा' म्हटलं की नवं पुस्तक यादीत चढायचं. 'पुसा' म्हटलं की काढलं जायचं, पण त्याआधी यंत्र एकदा विचारायचं, खरंच पुसायचं का. बाई खुर्चीवर बसल्या, दोन बोटांनी टाइप करायला लागल्या आणि पहिल्याच फटक्यात यंत्रानं हात वर केले.

पडद्यावर उत्तर आलं होतं: 'जी' नावाचं पुस्तक सापडलं नाही.

मी वाकून बघितलं. बाईंनी लिहिलं होतं, "शोधा जी भुताच्या गोष्टी".

"बाई, हे 'जी' कशाला?"

"मंग काय लिहू?"

"नुसतं शोधा."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मी त्यांना कोणाच्या थोबाडीत मारायला सांगितलंय. "नुसतं शोधा? असं बोलते का जी कोणी? अन् हा तं वयानं मोठा. हापिसात नोकरी करून आलेला, रिटायर माणूस. तुमच्यासारखाच."

ज्यांनी आमचा मुलूख बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडे 'जी'शिवाय वाक्य संपत नाही. बसा जी, या जी, काऊन जी. भांडतानासुद्धा माणूस आधी जी म्हणतो आणि मग गचांडी धरतो. मी समजावलं की यंत्राला मान-अपमान कळत नाही. बाईंनी मान हलवली, सगळं पटल्यासारखं केलं, आणि परत टाइप केलं: "शोधा जी". त्यांची बोटं 'जी' लिहिल्याशिवाय थांबतच नव्हती. मी रागावलो, त्या हसल्या, यंत्र जी नावाचं पुस्तक शोधत राहिलं. आठवडाभर हा खेळ चालला. पोळा जवळ येत होता आणि यादीत जेमतेम तीनशे पुस्तकं चढली होती.

शेवटी हरलो आणि यंत्रालाच सांगितलं की वाक्यात कुठंही जी आलं तर ते शोधायचं नाही, ते तुझ्या मानाचं आहे. पाच ओळींचं काम. आठ दिवस मी ते केलं नाही, कारण बाईंनी माझ्यासारखं व्हावं असा माझा हट्ट होता. वर त्याच रागात आणखी दोन ओळी लिहिल्या. जी नसलेला हुकूम आला तर यंत्रानं तो पाळू नये, उलट विचारावं, "काय म्हणता जी?"

त्यानंतर बाईंची जी काय गाडी सुटली! सकाळी रोवणी, दुपारी यादी. पायाच्या पोटऱ्यांवर वाळलेला चिखल तसाच, आणि दोन बोटं खटाखट. पाऊस फार आला की रोवणीच्या बाया पळत वाचनालयात यायच्या, पदर पिळायच्या आणि म्हाताऱ्याला प्रश्न विचारायला लावायच्या. म्हातारा हे यंत्राचं नाव एव्हाना गावभर झालं होतं. "त्याले इचार व रेवंता, पाणी कवा उघडन?" बाई इमानदारीत टाइप करायच्या. यंत्र म्हणायचं, सापडलं नाही जी. "याले काहीच मालूम नाई," एक म्हणायची. "पण बोलते किती गोड," दुसरी म्हणायची. त्या हंगामात भुताच्या गोष्टींची पुस्तकं आमच्या वाचनालयात एक दिवस कपाटात टिकली नाहीत. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्या बाया बाईंना रेवंता म्हणत होत्या.

एक दिवस बाईंनी मला आणखी एक हुकूम मागितला. दिवसभराचं लिहिलेलं सगळं उचलून पेनड्राइव्हवर ठेवणारा. "संध्याकाळी कुलूप लावाच्या आंधी करत जाईन." मी त्यांना म्हटलं, कशाला, यंत्रात सुरक्षितच आहे. त्या म्हणाल्या, असू द्या. मी 'ठेवा' असा हुकूम बनवून दिला, जुना एक पेनड्राइव्ह दिला आणि विसरून गेलो.

तपासणीच्या आदल्या दिवशी सगळी यादी पूर्ण झाली. मला राहवलं नाही. यंत्रात माझे जुने प्रयोग पडलेले होते, अर्धवट फाइली, चाचणीचा कचरा. उद्या साहेब येणार, घर कसं झाडून-पुसून हवं. बाई बांधीत होत्या. मी बसलो. 'पुसा जी' असं मी लिहिणार होतो का? छे. ते सामान्य लोकांसाठी. मी खात्यातला माणूस, मी मूळ इंग्रजी हुकूम लिहिला, न विचारता पुसणारा. प्रयोगांचं नाव लिहून त्याला चिकटून एक चांदणी (*) द्यायची असते, म्हणजे त्या नावानं सुरू होणारं सगळं जातं. माझ्या हातून नाव आणि चांदणी यांच्यामध्ये एक मोकळी जागा पडली. मग अर्थ झाला, ते नाव पूस, आणि शिवाय इथलं सगळंच पूस.

यंत्र एक शब्द बोललं नाही. पांढरी रेघ पुन्हा लुकलुकायला लागली. मी हौसेनं लिहिलं, 'शोधा जी भुताच्या गोष्टी'. सापडलं नाही जी. 'शोधा जी' करत मी कपाटातल्या दिसेल त्या पुस्तकाचं नाव टाइप करत सुटलो. सापडलं नाही जी. सापडलं नाही जी. इतक्या अदबीनं माझी आजवर कोणी वाट लावली नव्हती.

खरं सांगतो, पळून जावं असं वाटलं. स्कूटर बाहेरच होती. कुडव्याला जाऊन पांघरूण घेऊन पडावं आणि फोन बंद ठेवावा. मग दारावरची पाटी दिसली. दोन महिने वाकून एका बाईनं जे रोवलं ते मी एका मोकळ्या जागेनं उपटून टाकलं होतं, आणि उद्या त्या पाटीवर दुसरं नाव चढणार होतं. मी खुर्चीतच बसून राहिलो.

बाई आल्या. दारात पाय धुतले, माझ्याकडे बघितलं. "काय झालं जी? तोंड काऊन असं?"

"गेलं, बाई. माझ्या हातून सगळं पुसलं गेलं."

"सारंच?"

"सारंच."

त्या खाली वाकल्या, टेबलाखालून एक पत्र्याचा डबा ओढला आणि झाकण उघडलं. आत राख होती. आमच्याकडे भोपळ्याच्या, वालाच्या बिया राखेत ठेवतात, म्हणजे वर्षभर कीड लागत नाही. त्यांनी राखेत हात घातला आणि प्लास्टिकच्या पुडीत गुंडाळलेला माझा पेनड्राइव्ह बाहेर काढला. फुंकर मारली. राख माझ्या शर्टावर उडाली.

"रोज ठेवून राहिली न मी," त्या म्हणाल्या. "बियाणं एकाच ढोलीत ठेवते का जी कोणी? आमच्या घरचं धानाचं बी अर्धं आमच्या ढोलीत, अर्धं माह्या भावाच्या घरी राहते. एकाले उंदीर लागला तं दुसरं राहते." मग डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "उंदीर कोण निघन ते आंधी कुठं मालूम राहते."

यादी परत चढवायला चहा उकळण्याएवढाही वेळ लागला नाही. मी एकही शब्द बोललो नाही, आणि ते त्यांना फार आवडलं असावं.

दुसऱ्या दिवशी निरीक्षक आले. बाहेरचे होते, बोलणं एकदम स्वच्छ, पुस्तकी. बोपचे गुरुजी साळ्याच्या सुनेचं प्रमाणपत्र खिशात घेऊन बसले होते, त्याचा कोपरा दिसत होता. बाईंनी पाच-सहा पुस्तकं शोधून दाखवली, एक नवं लिहून दाखवलं. निरीक्षकांना यादी पाठ करून ठेवलीय की काय अशी शंका आली असावी. "सरका, मी बघतो," म्हणून ते स्वतः बसले आणि टाइप केलं: "शोधा शेती".

यंत्रानं विचारलं: काय म्हणता जी?

त्यांनी पुन्हा तेच टाइप केलं. काय म्हणता जी? दारात रोवणीच्या बाया गर्दी करून उभ्या होत्या, त्यांच्यात खुसखुस सुरू झाली. निरीक्षक माझ्याकडे वळले. मी छताकडे बघितलं.

"जी म्हणा लागते साहेब," रेवंताबाई हळूच म्हणाल्या. "वयानं मोठा हाये तो."

साहेबांचा चेहरा लाल झाला. मग काय वाटलं कोणास ठाऊक, ते हसले, आणि दोन बोटांनी सावकाश लिहिलं, "शोधा जी शेती". सगळी पुस्तकं ओळीनं उभी राहिली. शेऱ्याच्या वहीत त्यांनी लिहिलं की ग्रंथपाल संगणक उत्तम चालवतात, आणि संगणकाला त्यांनी चांगलं वळण लावलेलं आहे. गुरुजींनी तो शेरा मोठ्यानं वाचला, प्रमाणपत्राचा कोपरा खिशात आत ढकलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी तं पहिलेपासूनच म्हणून राहिलो होतो, आमच्या बाईले तोड नाई."

पाटी राहिली. त्यानंतरच्या सोमवारी बाईंनी मला बाजूला घेतलं आणि शेवटचा एक हुकूम बनवायला सांगितला. तो फक्त माझ्यासाठी होता. मीच लिहायचा, मलाच लागू. मी निमूटपणे लिहिला.

तर आज, चार वर्षांनी, पंख्याखाली बसून पेपर वाचून संपला. हात शिवशिवायला लागले. म्हाताऱ्यात अजून एक जुनी फाइल पडून आहे, दुसऱ्या कप्प्यात होती म्हणून तेव्हा वाचलेली, 'ग्रंथपालांसाठी अत्यंत सोपी मार्गदर्शिका', पानं सोळा. तिची मला आता लाज वाटते. म्हटलं, ही तरी काढून टाकू. चष्मा लावला, माझा तोच इंग्रजी हुकूम लिहिला, नाव नीट वाचलं, मोकळी जागा कुठं नाही ना ते दोनदा बघितलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर बाईंनी चार वर्षांपूर्वी माझ्याकडूनच लिहून घेतलेला हुकूम उमटला: रेवंताबाईले इचारलं का जी?

'हो' टाइप केलं असतं तर झालं होतं. यंत्राला काय कळतं? वाक्य माझंच, यंत्रही मीच शिकवलेलं. मी बोट त्या अक्षरावर नेलं आणि परत घेतलं. चपला घातल्या, किल्ली खिशात टाकली आणि धुऱ्यावर जाऊन उभा राहिलो.

"रेवंताबाई!" मी हाक मारली. दहा-बारा बाया वाकलेल्या होत्या, त्यातली एकच सरळ झाली.

"काय पुसून राहिले जी?"

"माझी पुस्तिका! सोळा पानांची!"

त्यांनी हातातली पेंडी झटकली. चिखलाचं पाणी उडालं. "राहू द्या जी ते," त्या ओरडल्या. "मी वाचून राहिली. पहिल्या पानावर हाये अजून."

बाया हसून हसून चिखलात बसायच्या बाकी राहिल्या. मी परत आलो, पाय धुतले, खुर्चीत बसलो. पांढरी रेघ तशीच लुकलुकत होती, माझ्या उत्तराची वाट बघत. नुसतं 'नाही' पुरलं असतं.

मी लिहिलं, "नाही जी."

म्हातारा म्हणाला, "बरं जी."